लिंक्डइन आणि नोकरी डॉट कॉम: प्रोफाइल चांगली असूनही कॉल का येत नाही?



"दादा, माझी प्रोफाइल जरा बघ ना, तीन महिने झाले एकही कॉल नाही." असा मेसेज मला महिन्यातून एकदा तरी येतोच. प्रोफाइल उघडून पाहिली की बऱ्याचदा तिच्यात काही वाईट नसतं. फोटो ठीक, डिग्री खरी, अनुभवही खरा. अडचण एवढीच की ही प्रोफाइल रिक्रूटरच्या स्क्रीनवर कधी पोहोचतच नाही. म्हणून आज फोटो कसा असावा, टाय लावावा का वगैरे गोष्टी बाजूला ठेवू आणि थेट समोरच्या बाजूला जाऊन बसू.

मी ऐरोलीत सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. मागच्या वर्षी आमच्या टीममध्ये बॅकएंडच्या दोन जागा निघाल्या आणि इंटरव्ह्यू पॅनेलवर माझं नाव आलं. त्या निमित्ताने आमच्या एचआर मॅडम माणसं कशी शोधतात हे शेजारी बसून पाहायला मिळालं. त्या दुपारी जे पाहिलं ते कॉलेजच्या प्लेसमेंट सेलमध्ये कोणीच सांगितलं नव्हतं.

रिक्रूटरला नक्की काय दिसतं?

नोकरी डॉट कॉमवर आपण जे भरतो ते रिक्रूटरकडे 'रेसडेक्स' नावाच्या वेगळ्या दारातून उघडतं. तिथे आधी एक फॉर्म येतो. कीवर्ड, किमान आणि कमाल अनुभव, पगाराची रेंज, शहर, नोटीस पीरियड, आणि उमेदवार शेवटचा कधी ॲक्टिव्ह होता. एवढं भरलं की यादी येते. लिंक्डइनचं रिक्रूटर टूल दिसायला वेगळं, पण तत्त्व तेच: जॉब टायटल, स्किल, ठिकाण, कंपनी आणि कीवर्ड.

कीवर्डच्या चौकटीत बहुतेक अनुभवी रिक्रूटर बुलियन सर्च वापरतात. आपण डिजिटल इलेक्ट्रॉनिक्समध्ये शिकलो तेच अँड, ऑर आणि नॉट. मॅडमनी टाकलेला सर्च साधारण असा होता: जावा अँड स्प्रिंग बूट अँड काफ्का, नॉट ट्रेनर. शेवटचं 'नॉट ट्रेनर' कशाला, असं मी विचारलं. "अरे, नाहीतर सगळे क्लासवाले येतात," त्या म्हणाल्या.

आता विचार करा. तुम्ही तीन वर्षं काफ्कावर काम केलंय, पण प्रोफाइलवर फक्त 'मेसेजिंग सिस्टिम्स' असं लिहिलंय. माणसाने वाचलं तर त्याला कळेल. सर्चला कळेलच असं नाही. अलीकडे दोन्ही साइट्स जवळचे अर्थ ओळखायचा प्रयत्न करतात, पण त्या भरवशावर नोकरी शोधू नका. तुमच्या कामाचा जो शब्द जाहिरातींमध्ये पुन्हा पुन्हा येतो तोच, त्याच स्पेलिंगने, तुमच्या प्रोफाइलवर हवा. हवी तशी नोकरी असलेल्या दहा जाहिराती उघडा, त्यातली टूल्सची नावं एका कागदावर काढा, आणि जी तुम्हाला खरंच येतात ती प्रोफाइलवर आहेत का ते बघा. अर्धा तास लागतो. एवढंच केलं तरी कॉल सुरू झालेले मी पाहिलेत.

जाता जाता एक गंमत. नोकरी डॉट कॉम १९९७ मध्ये संजीव बिखचंदानी यांनी सुरू केली. त्याआधी ते एका मोठ्या कंपनीत होते आणि तिथे त्यांच्या लक्षात आलं होतं की ऑफिसमधले लोक 'बिझनेस इंडिया' मासिक मागच्या पानापासून वाचतात, कारण नोकरीच्या जाहिराती मागे असायच्या. म्हणजे नोकरीत असतानाच दुसरी नोकरी बघायची आपली सवय इंटरनेटपेक्षा जुनी आहे. तेव्हा उमेदवार जाहिराती चाळायचे, आता रिक्रूटर उमेदवार चाळतात.

हेडलाइन: तुमच्या कंपनीतलं पद बाहेर कोणाला माहीत नसतं

लिंक्डइनवर नावाच्या खालची ओळ म्हणजे हेडलाइन. तिथे २२० अक्षरं मावतात. काहीच लिहिलं नाही तर लिंक्डइन स्वतःच 'अमुक पद ॲट अमुक कंपनी' असं टाकून देतं आणि आपल्यापैकी बहुतेकांचं तेच राहिलेलं असतं.

यात गोची अशी की आपल्याकडच्या मोठ्या आयटी कंपन्यांची पदं ही त्यांची घरातली नावं आहेत. 'सिस्टिम्स इंजिनिअर', 'प्रोग्रामर ॲनालिस्ट', 'असिस्टंट सिस्टिम इंजिनिअर', 'असोसिएट कन्सल्टंट'. या नावाखाली एक जण जावा लिहीत असतो, दुसरा सॅपचा सपोर्ट बघत असतो, तिसरा मॅन्युअल टेस्टिंग करत असतो. रिक्रूटर मात्र 'जावा डेव्हलपर' किंवा 'क्यूए इंजिनिअर' शोधते. तुमच्या अनुभवाच्या रकान्यात अधिकृत पद राहू द्या, तिथे बदल करू नका, कारण पडताळणी त्याच नावाने होते. हेडलाइन मात्र तुमची स्वतःची आहे. तिथे बाहेरच्या जगाला कळेल ते नाव लिहा.

माझ्या मावसबहिणीचं उदाहरण देतो, तिची परवानगी घेतलीये. ताई माझ्यापेक्षा पाच वर्षांनी मोठी, कोपरखैरणेला राहते. टेस्टिंगमध्ये आठ वर्षं काढली, मग बाळंतपण, मग सासूबाईंचं आजारपण, आणि बघता बघता तीन वर्षं गेली. तिची हेडलाइन होती, 'सीनियर असोसिएट, सध्या ब्रेकवर, आयुष्यभर शिकणारी'. आम्ही ती बदलून अशी केली: 'क्यूए ऑटोमेशन इंजिनिअर, सेलेनियम, जावा, एपीआय टेस्टिंग, पोस्टमन, बँकिंग डोमेन, ८ वर्षं'. उदाहरणं मी मराठीत देतोय, पण प्रोफाइलवर हे इंग्रजीतच हवं. लिंक्डइन ॲप आता मराठीतही वापरता येतं, जरूर वापरा, पण रिक्रूटर सर्च इंग्रजीत करतात. मराठीला जागा भाषांच्या रकान्यात द्या. कस्टमर सपोर्ट, लोकलायझेशन, राज्य सरकारचे प्रोजेक्ट अशा ठिकाणी ती नोंद कामाला येते आणि आपल्यातले बरेच जण ती टाकतच नाहीत.

'आयुष्यभर शिकणारी' काढताना ताईला वाईट वाटलं. "ते खरं आहे रे," म्हणाली. खरं आहेच, पण 'लर्नर फॉर लाइफ' असा सर्च आजवर कोणत्या रिक्रूटरने टाकला असेल असं मला वाटत नाही.

अनुभव: आकडे टाका, पण उत्तर देता येतील तेवढेच

'मायक्रोसर्व्हिसेसवर काम केलं, बग फिक्सिंग केलं, टीमसोबत समन्वय साधला.' असं वाक्य पॅनेलवर बसल्यावर दिवसाला तीसदा वाचायला मिळतं. त्यातून माणूस कळत नाही. त्याऐवजी: 'पेमेंट सर्व्हिसमधली एक रिपोर्ट क्वेरी ४० सेकंद घ्यायची, इंडेक्स बदलून ती ३ सेकंदांवर आणली.' हे वाचलं की मी लगेच विचारतो, कोणता इंडेक्स? आधी का नव्हता? लिहिण्यावर त्याचा काय परिणाम झाला? आणि मग इंटरव्ह्यू उमेदवाराच्या मैदानात सुरू होतो.

म्हणूनच इंटरनेटवरून उचललेले 'परफॉर्मन्स ३५ टक्क्यांनी वाढवला' छापाचे आकडे टाकू नका. चॅटजीपीटीकडून प्रोफाइल लिहून घेतली की हमखास असे गोल आकडे येतात. भाषा सुधारायला एआय वापरा, मीही वापरतो. पण आकडा तुमचा हवा. तुमच्याकडे आकडाच नसेल तर काम स्पष्ट लिहा: कोणती सिस्टिम, तुमचा भाग कोणता, किती जणांची टीम. तेही पुरतं.

सर्व्हिस कंपनीत असाल तर क्लायंटचं नाव लिहिण्याआधी तुमचं गोपनीयतेचं कागदपत्र वाचा. 'युरोपातली एक मोठी बँक' असं लिहिलं तरी काम भागतं. क्लायंटच्या सिस्टिमचे स्क्रीनशॉट लिंक्डइनवर टाकणं किंवा कंपनीचा कोड गिटहबवर ठेवणं हे तर सरळ नोकरी घालवायचं साधन आहे.

फ्रेशर असाल तर फायनल इयरचा प्रोजेक्ट लिहा, पण 'आम्ही चार जणांनी' मध्ये तुम्ही काय केलं ते वेगळं लिहा. गिटहबची लिंक असेल तर रीडमी फाइल नीट भरा. पॅनेलवरचा माणूस कोड पाहील न पाहील, रीडमी नक्की पाहतो.

ठिकाण: मुंबई, नवी मुंबई की ठाणे?

हा आपल्या भागातला खास घोळ आहे, म्हणून जरा सविस्तर.

एकेकाळी केमिकल कारखान्यांसाठी ओळखल्या जाणाऱ्या ठाणे-बेलापूर रस्त्यावर आज ऐरोलीचं माइंडस्पेस आहे, घणसोलीला रिलायन्स कॉर्पोरेट पार्क आहे, महापेला मिलेनियम बिझनेस पार्क आहे. इथे काम करणारा माणूस राहतो मात्र कुठेही. डोंबिवली, कल्याण, बदलापूरहून ठाण्याला गाडी बदलून ट्रान्स हार्बरने येणारे आहेत, पनवेल-खारघरहून येणारे आहेत. पण जाहिरात टाकणारी कंपनी बाहेरगावची असेल तर ऑफिस ऐरोलीत असूनही शहर 'मुंबई' टाकते. दुसरी कंपनी त्याच इमारतीतल्या जागेसाठी 'नवी मुंबई' टाकते. कागदावर दोन वेगळी शहरं, प्रत्यक्षात एकच लिफ्ट.

सर्चमध्ये याचा परिणाम काय? रिक्रूटरने फक्त 'मुंबई' निवडलं आणि तुम्ही सगळीकडे फक्त 'नवी मुंबई' लिहिलंय, तर तुम्ही यादीतून गळू शकता. नोकरी डॉट कॉमवर सध्याचं शहर एकच टाकता येतं, ते खरं टाका. पण पसंतीच्या शहरांच्या रकान्यात नवी मुंबई, मुंबईचे सर्व भाग आणि ठाणे हे तिन्ही निवडा, आणि जायची तयारी असेल तरच पुणे. लिंक्डइनवर ठिकाण भरताना नुसतं शहर निवडायचा पर्याय येतो, तसाच 'मुंबई महानगर प्रदेश' असाही येतो. माझं मत असं की नोकरी शोधत असताना महानगर प्रदेश निवडावा, त्यात सगळं येतं. आणि अजूनही कोणी हाताने 'न्यू बॉम्बे' किंवा 'न्यू मुंबई' लिहीत असेल तर कृपया थांबा. पत्त्यावर पोस्टमन काकांना कळतं, सर्चचं सांगता येत नाही.

हायब्रिड कामामुळे आता पहिल्याच कॉलला प्रश्न येतो, "आठवड्यातून तीन दिवस ऐरोलीला येऊ शकाल का?" तुम्ही विरारला राहत असाल तर हो म्हणण्याआधी एकदा सकाळच्या वेळेत तो प्रवास करून बघा. रिक्रूटरही हे बघतात. आमच्याकडे ऑफर घेऊन दोन आठवड्यांत प्रवासामुळे सोडून गेलेला एक जण होता, त्यानंतर मॅडम राहण्याचं ठिकाण आवर्जून विचारू लागल्या.

नाव आणि आडनाव

हा मुद्दा इंग्रजी साइट्सवर सापडणार नाही, पण आपल्याकडे नेमका इथेच घोटाळा होतो. मुंबई विद्यापीठाच्या मार्कशीटवर आडनाव आधी, मग नाव, वडिलांचं नाव आणि आईचं नाव. आधारवर नाव आधी. पॅनवर कधी वडिलांचं नाव आहे, कधी नाही. प्रोफाइलवर नाव आणि आडनाव एवढंच पुरे, पण त्याचं स्पेलिंग आधार, पॅन आणि मार्कशीटशी जुळू द्या. क्षीरसागर, झोडगे, म्हात्रे अशा आडनावांची दोन-तीन स्पेलिंगं घरातल्या घरात असतात!

लग्नानंतर आडनाव बदललं असेल तर प्रश्न आणखी वाढतो. ताईची डिग्री आणि आधीची सगळी अनुभवपत्रं माहेरच्या नावाने, आधार सासरच्या नावाने. लिंक्डइनवर आधीच्या नावासाठी वेगळा रकाना आहे, तो भरला. जुने सहकारी माहेरच्या नावाने शोधतात आणि रेफरल त्यांच्याकडूनच येतो, त्यामुळे तो रकाना मोकळा सोडू नका. लग्नाचं सर्टिफिकेट किंवा गॅझेटची प्रत स्कॅन करून तयार ठेवा, ऑफर आल्यावर पळापळ नको.

गॅप लपवू नका, आणि तारखा जुळवा

"अरे, तीन वर्षं मी घरी होते, तिथे काय लिहू?" ताईचा खरा प्रश्न हा होता. ती एका कन्सल्टन्सीकडे गेली होती. त्यांनी सरळ सांगितलं, ताई, पैसे भरा, आम्ही तीन वर्षांचं अनुभवपत्र देतो, पगाराच्या स्लिपांसकट. कन्सल्टन्सीचं नाव इथे लिहीत नाही, आणि ती एकटी नाही. असे लोक प्रत्येक मोठ्या शहरात आहेत.

हे का करू नये, ते नीट समजून घ्या. नोव्हेंबर २०२२ मध्ये ॲक्सेंचरने भारतात जाहीरपणे सांगितलं की बोगस कंपन्यांची कागदपत्रं आणि अनुभवपत्रं वापरून नोकऱ्या मिळवल्याचा प्रकार सापडलाय, आणि त्यातल्या लोकांना कंपनीने काढून टाकलं. असं काढलं गेल्यावर पुढच्या प्रत्येक ठिकाणी 'आधीची नोकरी का सोडली' याचं उत्तर द्यावं लागतं.

आणि पकडलं कसं जातं? सोप्पं आहे. प्रॉव्हिडंट फंडाचा यूएएन नंबर. २०१४ पासून प्रत्येक सदस्याला एकच यूएएन असतो, आणि त्याखाली सर्व्हिस हिस्टरीत कोणत्या कंपनीत कधी रुजू झालात आणि कधी सोडलं हे दिसतं. बॅकग्राउंड तपासणारी कंपनी बऱ्याचदा सगळ्यात आधी तेच मागते. पगाराच्या स्लिपवर पीएफ कापलेला आणि यूएएनमध्ये त्या कंपनीचा पत्ताच नाही, म्हणजे विषय संपला. दोन ठिकाणी एकाच वेळी काम करणारेही इथेच उघडे पडतात.

खरं काम केलेल्यांनाही यात एक खड्डा आहे. जुन्या कंपनीने ईपीएफओच्या साइटवर सोडल्याची तारीख भरलेलीच नसते आणि तुम्ही अजून तिथेच आहात असं दिसतं. शेवटच्या जमा रकमेनंतर दोन महिने झाले की सदस्य स्वतःच्या लॉगिनमधून ही तारीख भरू शकतो. आजच लॉगिन करून बघा. मग लिंक्डइन, नोकरी डॉट कॉम, रेझ्युमे आणि यूएएन या चार ठिकाणचे महिने-वर्षं एकमेकांशी ताडून घ्या. एका महिन्याच्या फरकावरूनही तपासणीत शंका निघते आणि जॉइनिंग लांबतं.

गॅपसाठी लिंक्डइनने २०२२ मध्ये 'करिअर ब्रेक' नावाची वेगळी नोंद दिली आहे. कारण निवडता येतं: पूर्णवेळ पालकत्व, आजारी माणसाची काळजी वगैरे. ताईने तिथे दोन ओळी लिहिल्या. मुलाचं संगोपन आणि घरातलं आजारपण, आणि शेवटच्या सहा महिन्यांत सेलेनियमची नवी आवृत्ती शिकून बनवलेला एक छोटा फ्रेमवर्क, गिटहबच्या लिंकसह. पहिले दोन कॉल गॅप ऐकून संपले, हे सांगायला हवं. तिसऱ्याने फ्रेमवर्क उघडून पाहिला. आज ती महापेला जाते, आधीच्या पदाच्या एक पायरी खाली आणि पगारही आधीपेक्षा थोडा कमी. तिला ते चालतंय, म्हणते वर्षभरात बघू. मला विचाराल तर गॅपवरून एक पायरी खाली उतरवणं अन्यायच आहे, पण खोट्या अनुभवपत्राच्या भीतीत रोज ऑफिसला जाण्यापेक्षा तिची झोप चांगली आहे.

बॉसला कळू न देता

नोकरीत असताना प्रोफाइल सुधारणाऱ्यांसाठी हे महत्त्वाचं. लिंक्डइनवर काही बदललं की नेटवर्कला कळवायचं का, असा एक स्विच येतो. काम सुरू करायच्या आधी तो बंद करा. नाहीतर दोन वर्षं झोपलेली प्रोफाइल एका रात्रीत चमकली की मॅनेजरच्या लक्षात यायला वेळ लागत नाही.

'ओपन टू वर्क' दोन प्रकारे लावता येतं. एकात फोटोभोवती हिरवी पट्टी येते आणि सगळ्या जगाला दिसते. दुसऱ्यात फक्त रिक्रूटर टूल वापरणाऱ्यांना दिसतं. दुसऱ्या प्रकारात तुमच्या सध्याच्या कंपनीच्या रिक्रूटरना ते दिसू नये अशी व्यवस्था लिंक्डइन करतं, पण पूर्ण खात्री देत नाही, हे ते स्वतःच तिथे लिहितात. नोकरी डॉट कॉमवर विशिष्ट कंपन्यांना ब्लॉक करता येतं. सध्याची कंपनी तर ब्लॉक कराच, तिच्या उपकंपन्याही करा. नोकरी गेलेली असेल तर मात्र हिरवी पट्टी बिनधास्त लावा. त्यात लाजण्यासारखं काही नाही, आणि मदत करू शकणाऱ्या ओळखीच्या माणसाला कळल्याशिवाय तो मदत कशी करणार?

नोकरी डॉट कॉमवर दर दोन-तीन दिवसांनी लॉगिन करत राहा. रिक्रूटर 'शेवटच्या १५ दिवसांत ॲक्टिव्ह' असा फिल्टर लावते आणि सहा महिने न उघडलेली प्रोफाइल कितीही भारी असली तरी बाहेर राहते. नोटीस पीरियडही खरा लिहा. ९० दिवसांची नोटीस ही आपल्या आयटीतली मोठी डोकेदुखी आहे, तातडीची जागा असेल तर रिक्रूटर ३० दिवसांचाच फिल्टर लावतात. राजीनामा दिला असेल तर त्याच दिवशी 'नोटीस पीरियड सुरू आहे' असं करून शेवटचा दिवस टाका. कॉलची संख्या त्या आठवड्यात किती बदलते ते बघाच.

रेझ्युमेबद्दल एकच. कॅनव्हावर बनवलेला दोन रकान्यांचा रंगीत रेझ्युमे माणसाला छान दिसतो, मशीनला वाचता येत नाही. पीडीएफ उघडा, सगळं सिलेक्ट करून नोटपॅडमध्ये पेस्ट करा. तिथे जो गोंधळ दिसेल तोच त्यांच्या सिस्टिमला दिसतो. आणि वडिलांचं नाव, धर्म, वैवाहिक स्थिती, 'वरील माहिती सत्य आहे' ही शपथ, हे काढून टाका. तो लग्नाचा बायोडेटा झाला.

कॉलेजचं पान उघडा

वरचं सगळं सापडण्यासाठी. पण अजूनही बऱ्याच नोकऱ्या ओळखीने लागतात, आणि 'आमची कुठे ओळख' म्हणणाऱ्यांसाठी लिंक्डइनमधली एक जागा आहे जी कोणी वापरत नाही. तुमच्या कॉलेजचं पान उघडा, वाशीचं फादर ॲग्नेल असो, नेरुळचं तेरणा असो की ऐरोलीचं दत्ता मेघे, आणि 'अलम्नाय' वर जा. कुठे राहतात, कुठे काम करतात, काय शिकले, असे फिल्टर मिळतात. तुम्हाला हव्या त्या कंपनीतले तुमच्याच कॉलेजचे लोक समोर येतात.

त्यांना 'सर प्लीज रेफर मी' एवढंच पाठवू नका. फ्री अकाउंटवर नोट जोडलेल्या रिक्वेस्ट महिन्याला मोजक्याच जातात, त्या वाया घालवू नका. लिहा: 'मी तुमच्याच कॉलेजचा, २०२३ ची बॅच. तुमच्या कंपनीत अमुक जॉब आयडीची जागा दिसली, माझं काम स्प्रिंग बूट आणि काफ्कावर आहे. टीमबद्दल दोन प्रश्न विचारू का?' जॉब आयडी दिला की समोरच्याचं काम अर्धं होतं. मला असे मेसेज आले की मी उत्तर देतोच. मराठीत आलं तर जरा जास्तच लवकर देतो, हे खरं.

प्रोफाइल उघडी झाली की चोरही येतात

प्रोफाइल सापडू लागली म्हणजे ती सगळ्यांना सापडू लागली. सप्टेंबर २०२२ मध्ये परराष्ट्र मंत्रालयाने एक सूचना काढली होती. थायलंडमध्ये 'डिजिटल सेल्स अँड मार्केटिंग एक्झिक्युटिव्ह' अशा पदांसाठी, भरपूर पगाराचं आमिष दाखवून, आयटी येणाऱ्या भारतीय तरुणांना नेलं जात होतं. जाहिराती सोशल मीडियावर होत्या, एजंट दुबईत आणि भारतात होते. तिथे पोहोचल्यावर अनेकांना बेकायदा सीमा ओलांडून म्यानमारमध्ये नेलं, डांबून ठेवलं आणि ऑनलाइन फसवणुकीच्या कॉल सेंटरवर कामाला लावलं. त्यानंतरही तिथून भारतीय सोडवून आणल्याच्या बातम्या येत राहिल्या आहेत. परदेशातली ऑफर आली की एजंट परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट साइटवर नोंदलेला आहे का ते आधी तपासा, आणि टूरिस्ट व्हिसावर 'तिथे गेल्यावर वर्क परमिट करू' म्हणणाऱ्याचा फोन तिथेच ठेवा.

देशातले प्रकार छोटे पण रोजचे. 'लॅपटॉपचं डिपॉझिट भरा', 'ट्रेनिंग फी भरा, पहिल्या पगारात परत', 'टेलिग्रामवर व्हिडिओ लाइक करायचं पार्टटाइम काम'. लिंक्डइनवर मेसेज आला की त्या माणसाच्या प्रोफाइलवर 'या प्रोफाइलबद्दल' उघडा, अकाउंट कधी उघडलं आणि ओळख पडताळलीये का ते दिसतं. मोठ्या कंपनीची रिक्रूटर आणि अकाउंट मागच्या महिन्यातलं, असं असेल तर सावध व्हा. ऑफर लेटर जीमेलवरून आलं तर कंपनीच्या अधिकृत साइटवरच्या नंबरवर फोन करून विचारा. आधार आणि पॅनची प्रत ऑफर पक्की झाल्यावर, कंपनीच्या पोर्टलवरच द्या. रेझ्युमेवर जन्मतारीख आणि घराचा पूर्ण पत्ता कशाला हवा? 'कोपरखैरणे, नवी मुंबई' एवढं पुरे.

पैसे गेलेच तर १९३० या नंबरवर लगेच फोन करा, राष्ट्रीय सायबर क्राइम पोर्टलवर तक्रार नोंदवा. पहिल्या काही तासांत कळवलं तर ती रक्कम पुढच्या खात्यात अडवता येण्याची शक्यता असते, दुसऱ्या दिवशी ती बरीच कमी होते. चॅट डिलीट करू नका, स्क्रीनशॉट आणि यूपीआयचा ट्रान्झॅक्शन नंबर जपून ठेवा, तक्रार भरताना तेच आधी मागतात.